बहिणीच्या कानामागे

मनस्वीने डाव्या हाताची करंगळी उचलली, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला अगदी हलकेच टेकवली आणि परत मांडीवर ठेवली. बस, एवढंच. मेंदीने लालभडक झालेली करंगळी, मनगटावर हिरव्या चुड्याचा भार, समोर पाटावर गौरीहर. चिमूटचिमूट तांदूळ वाहत नवरीने तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घ्यायचं असतं, ते ती घेत होती. खोलीत बारा-पंधरा बाया होत्या, पंखा एक होता, आणि जिला तिला आपापल्या पदराची पडली होती. कुणी बघितलं नाही. मी बघितलं. ब्रशची पिशवी मी उगाचच छातीशी धरली. खाज आली की माणूस खाजवतं, त्यात काय एवढं? घाम आला असेल. मे महिना, वैशाखरे गावामागचा डोंगर तव्यासारखा तापलेला, डोक्यावर पत्रा. पण घाम पुसायला कोणी करंगळी नेत नाही. घामाला माणूस पदर लावतं, मनगट लावतं. करंगळी जाते ती जिथे दाबायची भीती वाटते तिथे. हे मला कुणी शिकवलेलं नाही. अकरा वर्षं माझी स्वतःची करंगळी तिथंच जाते आहे.

आता पुढे काय होणार ते मला पाठ होतं. आधी पापणीच्या कडेला मुंगी चालते. एकच. मग ती थांबते आणि आपल्याला वाटतं, चला, गेली. मग मिरची चिरलेला हात लागावा तशी बारीक आग, मग ऊब, आणि मग वजन. वजन सगळ्यात वाईट. पापणी उचलायलासुद्धा ताकद लागते हे धडधाकट माणसाला कळायचं नाही. दिवसभरात किती हजार वेळा उचलतो आपण ती, आणि दर वेळी भरलेली घागर उचलल्यासारखं वाटलं तर संध्याकाळपर्यंत दुसरं काही काम न करताही माणूस दमतं. मी तशीच दमलेली असते. बायका म्हणतात, ललिताताई, लग्नसराईत तुमची फार धावपळ होते. होते ना. पण मी धावपळीने दमत नाही गं बायांनो, मी डोळे उघडे ठेवून दमते. तर सकाळी साडेआठला मी मनस्वीच्या पापण्यांवर गोंद लावला होता, खोट्या पापण्या चिकटवायचा, काळा, बारक्या बाटलीतला. आता पावणेअकरा झाले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेव अजून मारुतीच्या देवळात होता, बेंजोवाले तिथं कान फोडत होते आणि शहापूरच्या वऱ्हाडातली पोरं नाचायची थांबत नव्हती. म्हणजे माझ्या हातात चांगला दीड तास होता. दीड तासात खोबरेल लावून पापण्या सोडवता आल्या असत्या, डोळे धुता आले असते, नवरी आपल्या आईबापाने दिलेल्या डोळ्यांनी मांडवात उभी राहिली असती. हे सगळं मी मनात पुरतं करून बघितलं. जागची मात्र हलले नाही. फक्त वाकून विचारलं, "काय होतंय का गो?"

"नाय ताई."

"चुरचुरतंय?"

"नाय ना. मस्त आहे." तिने वर बघितलंसुद्धा नाही. आणि मला काय वाटावं? बरं वाटलं. ती खोटं बोलते आहे हे दिसत असून बरं वाटलं. आजारी माणसानेच 'काय नाय' म्हटलं की घरच्यांना जेवण गोड लागतं ना, तसं.

कारण चूक माझी होती. मला माहीत असलेली, मी डोळसपणे केलेली चूक. माझा एक नियम आहे आणि त्या नियमापायी मी मुरबाडात बदनाम आहे. नवरीने लग्नाच्या चार दिवस आधी यायचं, मी तिच्या कानामागे गोंदाचा ठिपका लावणार, लायनरची रेघ ओढणार, दोन दिवस पाणी लावायचं नाही. लाल झालं नाही तर पुढची बात. बायका हसतात. एक आत्याबाई तर माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "पार्लरवाली आहेस की डॉक्टरीण?" मी म्हटलं, "तुमच्या भाचीचे डोळे सुजले तर डॉक्टरीण तुम्हीच शोधा." नियम म्हणजे नियम. आणि या सोमवारी दुपारी, बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं अशा उन्हात, मनस्वीऐवजी तिची धाकटी बहीण नम्रता एसटीतून उतरून माझ्या पार्लरच्या दारात उभी. ओढणी डोक्यावर, तोंड लाल. म्हणाली, "ताईच्या मुहूर्ताची हळद दळून झाली. आता तिला वेस ओलांडायची नाय. आईने मला पाठवलंय. माझ्या कानामागे लावा."

मी हसलेच. "तुझ्या कानामागे लावून तिचं काय कळणार गो?"

"एकाच आईच्या आहोत की आमी," ती म्हणाली आणि केस बाजूला करून खुर्चीत बसलीसुद्धा. हळद दळली की मुलीने गावाची वेस ओलांडायची नाही, हे आमच्या सापगावच्या घरीही पाळायचे. माझ्या लग्नात मला सख्ख्या मैत्रिणीकडे जाऊ दिलं नव्हतं. त्यामुळे त्यात मला नवल वाटलं नाही. मी म्हणू शकले असते, बस इथं, पाणी पी, मी गाडी काढते, आपण जाऊ, तासाभराचा रस्ता. टोकावड्याला ऊसाचा रस पिऊ, पुढे जाऊ, तुझ्या बहिणीच्या कानामागे ठिपका लावून मी अंधाराच्या आत परत. कितीदा केलंय असं. पण त्या दिवशी सकाळपासून माझ्या उजव्या पापणीचे कोंड्यासारखे पापुद्रे सुटत होते, आणि त्या उन्हात स्कूटीवर बसायचं म्हणजे डोळ्यांत वाऱ्याबरोबर वाळू भरून घ्यायची. मला कंटाळा आला. हेच खरं. बाकीची कारणं मी नंतर जोडली: सराई आहे, पुढची गिऱ्हाईक येणार आहे, एका रक्ताच्या आहेत. नम्रताच्या स्वच्छ, कोवळ्या कानामागे मी ठिपका लावला, वर एक रेघ ओढली, आणि बुधवारी तिने फोटो पाठवला. काहीच झालेलं नव्हतं. मला आनंद झाला. अक्षरशः आनंद झाला हो! बाईने बहिणीची नाडी बघून दुसरीला औषध द्यावं आणि वर खूश व्हावं.

जिची पाठ भाजली तिने तरी असं करायला नको होतं. सहा-सात महिने मी हा आजार अंगावर काढला होता. काजळ बदलून बघितलं, महागातलं आणलं, मग आयुर्वेदिक, मग आईने सापगावाहून एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. काहीही लावा, आठवड्याने पापणी लाल. आणि लाल दिसू नये म्हणून मी वरून आणखी जाड काजळ घालायची. आगीत तेल ओतणं म्हणतात ते हेच, पण पार्लरवालीने बोडक्या डोळ्यांनी दुकानात बसायचं कसं? बसून बघितलं होतं एकदा. पहिलीच बाई म्हणाली, "अगंबाई, आजारी का?" दुसरी म्हणाली, "काय भांडण-बिंडण झालं का घरी?" तिसरी भुवया करायला आली होती ती परत गेली. शेवटी गुरुवार-शनिवार शहापूरला एक कातडीचा डॉक्टर बसतो त्याच्याकडे गेले. एसटी सापगाववरूनच जाते. माझं माहेर खिडकीतून दिसलं, आई अंगणात काहीतरी वाळत घालत होती, आणि मी खिडकीपासून तोंड फिरवलं, डोळे बघितले असते तर तिने जेवण सोडलं असतं. डॉक्टरने माझ्या डोळ्यांकडे जेमतेम बघितलं आणि हात पुढे करायला सांगितलं. म्हणाला, "डोळ्याला काय लावता ते नंतर. नखांना काय लावता ते सांगा." मला वाटलं याचं डोकं फिरलंय. मग त्याने समजावलं की पापणीची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी असते, बोटाला जे चालतं ते तिला चालत नाही, आणि माणूस दिवसातून शंभर वेळा नकळत डोळ्याला बोट लावतं. त्याने माझ्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस आंघोळ नाही. पट्ट्या काढल्या तेव्हा पाठीवर दोन चट्टे उठले होते. नेलपेंटचा एक, गोंदाचा एक. काजळ बिचारं निर्दोष निघालं, पण सुजलेल्या पापणीवर तेही घालायचं नाही म्हणाला. "दोन महिने डोळ्यांना काहीच नाही. नुसतं पाणी आणि हे मलम. आणि हा धंदा जमला तर सोडा." जमला तर! येताना एसटीत नखं खरवडत बसले. नेलपेंट सुटलं. धंदा नाही सुटला, आणि काजळही नाही.

दोन महिने कशाला, मी दोन दिवसही काढले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा संदीप, माझा नवरा, पेपर वाचत होता. त्याने वर बघितलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "म्हातारी दिसतेस आज." वाईट हेतूने नाही. तो तसा सरळ माणूस आहे, कंपनीत पाळ्या करतो, घरी येऊन झोपतो, दारू नाही की शिवी नाही. मनात आलं ते बोलला आणि चहा फुंकू लागला. पण मी स्वयंपाकघरात गेले ती मोरीच्या आरशासमोर जाऊन उभी राहिले. कोरड्या, पांढुरक्या, सुरकुतलेल्या दोन पापण्या. तीस वर्षांच्या बाईला साठीच्या बाईच्या पापण्या बसवल्यासारख्या. मी काजळाची डबी काढली. त्या दिवसापासून मी त्याच्या आधी उठते. तोंड धुते, मलम लावते, ते मुरलं की वर काजळ, आणि मग त्याला हाक मारते. रात्री दिवा मालवल्यावर पुसते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात? कोणी मारलं नाही, कोणी टाकलं नाही. नुसता शीण. हळूहळू साचत गेलेला, पापणीएवढ्या जागेत मावणारा शीण.

बेंजो जवळ आला. खोलीतल्या बायांची लगबग उडाली, कुणीतरी मुंडावळ्या सरळ केल्या, मामा आला आणि मनस्वी उठून उभी राहिली. उठताना तिने डोळे घट्ट मिटून उघडले आणि मला दिसलं. उजवी पापणी फुगली होती. चकाकणाऱ्या सोनेरी रंगाखाली कातडीला तकाकी आली होती, पिकायला आलेल्या करवंदासारखी. मला एक प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता: इतक्या लवकर? पहिल्यांदा गोंद लागलेल्या मुलीला दोन-तीन तासांत असं होत नाही. कातडीची आधीची ओळख असली तरच ती इतक्या तातडीने भांडायला उठते. पण माझ्या डोक्यात तेव्हा एकच. आता सांगितलं तर? गिरजाकाकू, म्हणजे मनस्वीची आई, छातीच बडवून घेईल. शहापूरकर कुजबुजतील, मुलीच्या डोळ्यांना काहीतरी आहे, लपवलं यांनी. आणि मुरबाडपासून घाटापर्यंत एकही घर असं नाही की ज्याचं दुसऱ्या घराशी नातं नाही. संध्याकाळपर्यंत ललिताने नवरीचे डोळे घालवले असं टोकावड्याच्या धाब्यावर भजी तळणारासुद्धा सांगेल. अकरा वर्षं मी ज्या नावासाठी पापण्या जाळल्या ते नाव. मी मनस्वीच्या कानाशी गेले. "खरं सांग. काढू का? पाच मिनिटं थांबवते त्यांना."

तिने माझा हात धरला. इतका घट्ट की चुडा माझ्या हाडाला लागला. "ताई, काय पण करू नका," ती म्हणाली. आणि मी काहीच केलं नाही. तिने मला मोकळं केलं, मी मोकळी झाले. मोठी मी, जाणती मी, आणि बावीस वर्षांच्या पोरीच्या परवानगीवर सुटले.

मांडवात मी तिच्या मागे उभी होते, हातात रुमाल. आंतरपाटाच्या पलीकडे प्रज्वलच्या फेट्याचा तुरा तेवढा दिसत होता. मंगलाष्टकं सुरू झाली. मामांना हौस, त्यांनी स्वतः रचलेलं एक म्हटलं, मग मावशीने एक, मग कुणीतरी कागदावर लिहून आणलेलं, घराण्यातली सगळी नावं गुंफलेलं. संपेचना. दर सावधानला अक्षता उडत होत्या आणि दर वेळी मी मनातल्या मनात तिच्या डोळ्यांवर हात धरत होते. मुंगी. आग. ऊब. आता वजन आलं असेल. मला माझ्या स्वतःच्या पापण्या जाणवेनात, तिच्याच जाणवू लागल्या. मान किंचित मागे टाकून ती पापण्यांच्या फटीतून बघत होती, मीही कधी कधी अशीच बघते, आणि लोकांना वाटतं बाईला गर्व चढलाय. आंतरपाट निघाला. टाळ्या, वाजंत्री, हार. फोटोवाला ओरडला, "वहिनी, डोळे मोठे! इकडे वर बघा, वर! अजून मोठे!" आणि तिने केले. कसे केले तिचं तिला माहीत. दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. शेजारची बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "माहेर सोडताना जीव तुटतो हो पोरीचा." दुसरीही रडायला लागली. गिरजाकाकू रडली. सगळा मांडव हळवा झाला, आणि त्यात एकटी मी कोरडी. मेले मी, असं वाटलं. मला ते बघवेना. मी पुढे झाले, तिचा दंड धरला आणि मोठ्यांदा म्हणाले, "नवरीला चक्कर येतेय. जरा आत नेते." फोटोवाल्याने हात वर केले. मी लक्ष दिलं नाही.

मागच्या खोलीत, जिथे भाताची कणगी असते आणि भिंतीला गारवा असतो, तिथे मी तिला चटईवर आडवी केली. मागोमाग नम्रता आली, गिरजाकाकू आली. मी कापसाचे बोळे खोबरेलात भिजवून पापण्यांवर ठेवले. ओढायचं नसतं, थांबायचं असतं, गोंद आपणहून सुटू द्यायचा असतो. थांबणंच कठीण. गिरजाकाकू तेवढ्यात बाहेर जाऊन निखाऱ्यांचं ताट घेऊन आली, वर मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. "दीठ लागली माझ्या पोरीला. शहापूरच्या बाया कशा बघत हुत्या!"

"काकू, ते आधी बाहेर न्या!" मी ओरडले. "मिरचीचा धूर डोळ्यांत घालता का तिच्या?" ती दचकून उंबऱ्यापलीकडे ताट ठेवून आली. आणि मग मी बोलले. ठरवलं नव्हतं, तोंडातून सांडलं. "दीठ-बीठ काही नाही. माझी चूक आहे. नम्रताच्या कानामागे लावून मनस्वीचं काय कळणार होतं? मला माहीत होतं ते. मी इथं यायला पाहिजे होतं. नाही आले. कंटाळा केला."

गिरजाकाकू माझ्याकडे वळली. "पण नम्रताला तर तुमीच बोलावलंवतं ना? केसांचं काय ते बघायला?"

"मी? तुम्ही पाठवलंत तिला. हळद दळली, वेस ओलांडायची नाही म्हणून."

"कोण म्हणतं? परवा तर दोघी बहिणी टोकावड्याला जाऊन बिलाऊज घेऊन आल्या. वेस कुठं पालतो आमी आता?"

नम्रता भिंतीकडे बघायला लागली. चटईवरून, कापसाखालून मनस्वी म्हणाली, "आई, तू बाहेर जा. पाव्हणे जेवायला बसलेत. नमू, तू पण जा." आवाज असा की दोघी गेल्या.

मी एकेक पापणी सोडवली. खाली तिची स्वतःची, आखूड, तेलाने चिकटलेली. बाजूचं सगळं सुजून वर आलेलं. गार पाण्याची घडी ठेवली तसा तिने मोठा श्वास सोडला. "मीच पाठवली तिला," ती म्हणाली. "साखरपुड्याला चुलतबहिणीने लावलंवतं असंच. दुसऱ्या दिवशी डोळे उघडंनात. चार दिवस घरात बसले, आईला सांगितलं कीड चावली. तुमी कानामागे लावलं असतं तर लाल झालं असतं आणि तुमी नाय म्हणला असता. तुमी नाय म्हणता, सगळ्यांना ठाऊक आहे."

"अगं पण कशाला? साधं काजळ घातलं असतं, नसतं घातलं. गोरीगोमटी पोर तू."

"साखरपुड्याचा फोटो प्रज्वलने मोबाइलवर लावलाय. रोज फोनवर तेच. तुझे डोळे, तुझे डोळे, काय डोळे आहेत." ती हसली, हसताना सूज दुखली असणार, लगेच थांबली. "ते माझे नायतच ना ताई. तो बघायला आला तेव्हा मी खालीच बघत होते. त्याने माझे डोळे बघितलेलेच नायत."

मला राग यायला हवा होता. दिवसभर मी स्वतःला खाल्लं होतं, आणि या दोघी पोरींनी मला चक्क मामा बनवलं होतं. पण राग येईना. मोकळंही वाटेना. तिने मला फसवलं म्हणून माझा कंटाळा काही पुण्याचा होत नाही. मी वैशाखऱ्याला आले असते तर ती फसवूच शकली नसती. घडी बदलली, दुसरी ठेवली. बाहेर पंगतीत वाढप्यांची ओरड चालू होती, बुंदी, बुंदी.

"संध्याकाळी शहापूरला रिसेप्शन आहे," ती म्हणाली. "पापण्या नको. नुसतं लायनर मारा, बारीक."

"नाही."

"ताई, बारीक."

"आठ दिवस पाण्याशिवाय काही नाही. गोळी घ्यायची, उद्या डॉक्टर."

"मग तिकडची बोलावते. त्याच्या बहिणीच्या ओळखीची आहे. ती मारून देईल."

देईलच. कोणीही देईल. मी घडी पुन्हा पाण्यात पिळून ठेवली. थोड्या वेळाने तिने घडी स्वतःच बाजूला केली, डोळे होते तेवढे किलकिले केले आणि विचारलं, "कशी दिसते मी?"

एकोणीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल. उत्तर एकच, खुर्ची फिरवून, हसून: एकदम मस्त. ते जिभेवर आलंही. "वाईट दिसतेस," मी म्हटलं. "सुजलीयेस. डोळे बटणाएवढे झालेत."

तिचे ओठ नुसते हलले. मग मीच बोलत सुटले, कणगीला पाठ टेकून, कुणालाही न सांगितलेलं. पट्ट्या, पाठीवरचे चट्टे, एसटीत खरवडलेली नखं. रोज त्याच्या आधी उठणं, मलम, काजळ, दिवा मालवल्यावर पुसणं. "अकरा वर्षं झाली. संदीपने माझी पापणी बघितलेली नाही. एका घरात राहतो आम्ही."

"अकरा?" तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांकडे. जवळून बघितलं तर दिसतं, काजळाखाली सगळं दिसतं. "कंटाळा नाय येत?"

"येतो गो. फार येतो." आणि माझा आवाज फुटला. भलत्याच्या लग्नात, भलत्याच्या घरात, भाताच्या कणगीशी बसून मी बाई, चाळीशी ओलांडलेली, नाक पुसत होते. लाज वाटली. थांबता मात्र येईना.

मनस्वी उठून बसली. मुंडावळ्या सोडून बाजूला ठेवल्या, घडीने उरलासुरला सोनेरी रंग पुसला, गाल पुसले. मग म्हणाली, "त्याला बोलवा."

"आता? अगं, पंगत—"

"आताच बोलवा ताई. नायतर माझ्याच्याने होनार नाय."

मी बाहेर गेले. प्रज्वल मित्रांत उभा होता, फेटा काखेत, हातात सरबताचा ग्लास. मी म्हटलं, नवरीने बोलावलंय. मित्रांनी हुर्यो केली. तो लाजत, हसत, ग्लास घेऊनच माझ्यामागे आला. दारात मी बाजूला झाले. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर त्याला आधी काही दिसलं नसावं. मनस्वी चटईवर ताठ बसली होती, तोंड वर, हात मांडीवर. हसणं त्याच्या तोंडावरून उतरत गेलं ते मी बघितलं. माझे हात शिवशिवले. मध्ये जावं, तिच्या तोंडावर काहीतरी टाकावं, पदर, ओढणी, काहीही. मी ते पाठीमागे धरून ठेवले. त्याने ग्लास खाली ठेवला, तिच्यासमोर उकिडवा बसला, बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "लय दुखतंय का गो?"

मी दार लोटून घेतलं आणि मागच्या अंगणात गेले. पंगत उठत होती, पत्रावळ्यांचा ढीग पडला होता. अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायला मी कुणाला जागाच ठेवली नव्हती.